फोनवरून ओळख देताना-घेताना: परिषदांना नव्याने जाणाऱ्यांसाठी

‘हे घ्या, स्कॅन करा’ म्हणत तुम्ही फोन पुढे धरता. समोरचा स्कॅन करतो, त्याच्या स्क्रीनवर तुमचं नाव उमटतं, दोघंही हसता आणि आपापल्या वाटेने निघता. यात तुमच्या हाती काय आलं? काहीच नाही. तुमचा नंबर त्याच्याकडे गेला, त्याचा तुमच्याकडे आलाच नाही. आता त्याने फोन केला तर ठीक. नाही केला, तर त्याला शोधायला तुमच्याकडे एक अर्धवट आठवणारं आडनाव तेवढं उरलं.

डिजिटल कार्ड, म्हणजे फोनवरून द्यायचं व्हिजिटिंग कार्ड, विकणारे ‘एका टॅपमध्ये तुमची माहिती द्या’ म्हणतात, त्यात खोटं काही नाही. देणं खरंच सोपं झालंय. घेणं मात्र अजून ज्याचं त्यालाच करावं लागतं आणि परिषदा, प्रदर्शनं, मेळावे यांना नव्याने जाणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. त्यामुळे इथे साधनांची माहिती येईलच, पण खरा भर आहे तो व्यवहार दोन्ही बाजूंनी पुरा करण्यावर.

पहिली पायरी: स्वतःचंच कार्ड उघडून बघा

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन स्वतःचं नाव उघडा. आयफोनमध्ये ते यादीत अगदी वर ‘माय कार्ड’ म्हणून असतं. अँड्रॉइडवर बहुधा तुम्हीच ते कधीतरी सेव्ह करून विसरलेले असता. आत काय काय आहे ते वाचा. घरचा पत्ता, जन्मतारीख, दोन नोकऱ्यांमागचा ईमेल, ‘नातं’ या रकान्यात घरच्यांची नावं. हे सगळं वर्षानुवर्षं साठत जातं आणि शेअर करताना तुम्ही काही वगळलं नाहीत तर ते सगळंच्या सगळं अनोळखी माणसाकडे जाऊ शकतं.

म्हणून कामासाठी एक वेगळा कॉन्टॅक्ट तयार करा. नाव, काम, संस्था, एक नंबर, एक ईमेल, एक लिंक. बस. दोन नंबर दिले की समोरचा ‘कुठल्यावर करू?’ या विचारात पडतो आणि शेवटी कुठल्याच नंबरावर करत नाही.

कामाच्या रकान्यात पद लिहिण्यापेक्षा तुम्ही नेमकं काय करता ते लिहा. ‘असोसिएट मॅनेजर’ वाचून महिन्याभराने कुणालाही काही आठवणार नाही. ‘शीतगृहांचं डिझाइन’ किंवा ‘लहान कारखान्यांचे हिशेब’ असं लिहिलंत तर शोधतानाही सापडेल. पद हवंच असेल तर दोन्ही लिहा, पण काम आधी.

नंबर अधिकच्या चिन्हासकट आणि देशाच्या कोडसकट लिहा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत कोड धरून जास्तीत जास्त १५ आकडे असतात. असा लिहिलेला नंबर जगात कुठूनही लागतो आणि व्हॉट्सअ‍ॅपलाही ओळखता येतो. कोड नसलेला नंबर परदेशातल्या पाहुण्याने सेव्ह केला, तर त्याचा फोन तो स्वतःच्याच देशातला समजतो. मग नंबर चुकीचा दिला की काय, अशी तुमच्याबद्दल उगाच शंका.

आता लिपी. मराठीवर कितीही प्रेम असलं तरी या कॉन्टॅक्टमध्ये नाव रोमन लिपीत ठेवा. एक कारण व्यवहारी आहे: बहुतेक लोक शोधताना रोमनमध्ये टाइप करतात आणि देवनागरीत सेव्ह झालेलं नाव त्यांना सापडतंच असं नाही. दुसरं तांत्रिक आहे. संगणक मजकूर साठवताना यूटीएफ-८ हे संकेतन वापरतो. त्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘क्षीरसागर’सारखं आडनाव क्यूआर कोडमध्ये भरलं तर कोड चांगलाच दाट होतो आणि दाट कोड मंद उजेडात वाचायला कॅमेरा वेळ घेतो.

नंबर द्यायचाच नसेल तर? तो तुमचा हक्क आहे. त्याबद्दल संकोच नको, विशेषतः एकट्याने फिरणाऱ्या महिलांना हा प्रश्न वारंवार पडतो. फक्त ईमेल आणि लिंक्डइन असलेला आणखी एक कॉन्टॅक्ट तयार ठेवा. ऐनवेळी ‘नंबर नको, ईमेल देते’ असं सुचायला अवघड जातं, तयार कोड पुढे करायला जात नाही. फोनमध्ये दुसरं सिम किंवा ई-सिम चालत असेल तर कामाचा नंबर वेगळा ठेवणं सगळ्यात सुटसुटीत. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपने २०२४ मध्ये यूझरनेमची सोय आणली, त्यामुळे तिथे नंबर न दाखवताही बोलता येतं. अर्थात समोरच्याकडे सिग्नल हवं.

शेवटचं एक. नंबर दिला की व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो, ‘अबाउट’मधलं वाक्य आणि कदाचित ‘लास्ट सीन’ही त्यासोबत जातं. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन कुणाला काय दिसतं ते बघून घ्या. ‘ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं’ हेही तिथेच ठरवता येतं. ते ‘माझे कॉन्टॅक्ट्स’वर ठेवलंत तर परिषदेनंतर उगवणाऱ्या ‘नेटवर्किंग’ ग्रुपांपासून बरीच सुटका होते.

दुसरी पायरी: साधन निवडा, तेही समोरच्याच्या सोयीचं

२००९ मध्ये बंप नावाचं एक अ‍ॅप आलं होतं. दोघांनी आपापले फोन हातात धरून मुठी आपटायच्या, की माहिती इकडून तिकडे. गंमत होती, लोकांना आवडलंही. २०१३ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि २०१४ च्या सुरुवातीला अ‍ॅप बंद झालं. व्हिजिटिंग कार्डं स्कॅन करणारं कार्डमंच २०११ मध्ये लिंक्डइनने घेतलं होतं, तेही २०१४ मध्येच गुंडाळलं गेलं. याउलट व्हीकार्ड हा कॉन्टॅक्ट साठवणाऱ्या फाइलचा साधा प्रकार १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चालत आलाय. त्याची सध्याची ४.० आवृत्ती २०११ ची आहे आणि आजही जवळपास प्रत्येक फोन ती किंवा तिच्या आधीची ३.० उघडतो. तुमच्या फोनने ‘शेअर कॉन्टॅक्ट’ केल्यावर जी व्हीसीएफ फाइल जाते ती हीच.

यावरून निवडीचा निकष सरळ ठरतो: समोरच्याला काही नवीन डाउनलोड करायला लावणारं साधन बाद. हॉलच्या कोपऱ्यात, कमजोर नेटवर्कवर, चहाचा कप एका हातात धरून कुणीही तुमच्यासाठी अ‍ॅप उतरवून घेणार नाही.

मग उरतं काय?

*क्यूआर कोड.* डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीत १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो तयार झाला. आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनचा कॅमेरा तो वाचतो. पण दिसायला सारखे असले तरी त्यात दोन जाती आहेत आणि नवख्यांचा घोळ नेमका इथेच होतो.

एका प्रकारात तुमचं नाव, नंबर, ईमेल हे सगळं कोडच्या ठिपक्यांमध्येच भरलेलं असतं. स्कॅन केलं की थेट ‘कॉन्टॅक्ट सेव्ह करा’ येतं आणि इंटरनेट लागत नाही. दुसऱ्या प्रकारात कोडमध्ये फक्त एक लिंक असते, माहिती कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर. याला ‘डायनॅमिक’ म्हणतात. फायदा हा की नंबर बदलला तरी छापलेला कोड तोच राहतो. तोटा हा की वर्गणी थकली किंवा कंपनी बंद पडली की तुमचं कार्ड मेलं. शिवाय कुणी, कधी, कुठून स्कॅन केलं याची नोंद त्या कंपनीकडे जमत राहते ती वेगळीच.

नव्या माणसाने पहिला प्रकार वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. परिषदेच्या सभागृहात शेकडो लोक एकाच वाय-फायवर लटकलेले असतात. लिंक उघडेपर्यंत गोल फिरणाऱ्या चकरीकडे दोघांनी बघत उभं राहायचं, यासारखी अवघड शांतता दुसरी नाही.

कोड बनवायचा कसा? अनेक अँड्रॉइड फोनांच्या कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमध्ये ‘शेअर’च्या आत क्यूआर कोडचा पर्याय असतो, तिथूनच घ्या. आयफोनवर ‘शॉर्टकट्स’ अ‍ॅपमधून कोड तयार करता येतो. वेबसाइटवरून बनवलात तर एक चाचणी करा: दुसरा एखादा फोन विमान मोडवर टाका, वाय-फायही बंद करा आणि कोड स्कॅन करा. नाव-नंबर आला तर माहिती कोडमध्येच आहे. एखादी अनोळखी लिंक दिसली तर त्या वेबसाइटने तुमच्या आणि तुमच्या माहितीच्या मध्ये स्वतःची खुर्ची टाकलीय असं समजा आणि दुसरी वेबसाइट शोधा.

फोटो भरायच्या फंदात पडू नका. क्यूआर कोडमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात आणि तेवढा भरलेला कोड १७७ गुणिले १७७ चौकटींचा होतो. फोनच्या पडद्यावर तो वाचणं कठीण. मधोमध लोगो मात्र चालतो, कारण कोडमध्ये दुरुस्तीची सोय असते. सगळ्यात वरच्या पातळीवर जवळपास ३० टक्के भाग झाकला गेला तरी तो वाचता येतो. पण लोगो लहानच ठेवा आणि कोडभोवतीची पांढरी कड कापू नका. ती चार चौकटींइतकी तरी हवी, नाहीतर कोड कुठे सुरू होतो हेच कॅमेऱ्याला कळत नाही. डार्क मोडमध्ये काळ्यावर पांढरा असा उलटा झालेला कोड काही फोन वाचत नाहीत, तेही लक्षात असू द्या.

*व्हॉट्सअ‍ॅपचा कोड.* सेटिंग्जमध्ये नावाशेजारी छोटं चिन्ह असतं, ते दाबलं की तुमचा कोड येतो. समोरच्याने स्कॅन केला की चॅट उघडतं. याचा मोठा गुण असा की त्याने तिथल्या तिथे एक ‘नमस्कार’ टाकला की व्यवहार दोन्हीकडून पुरा. कोड नको त्या हाती गेला असं वाटलं तर ‘रीसेट’ करा, जुना कोड निकामी होतो.

*लिंक्डइनचा कोड* अ‍ॅपमधल्या शोधपट्टीत मिळतो. इथे एक गोष्ट हमखास निसटते. स्कॅन केल्यावर फक्त प्रोफाइल उघडतं, जोडणी होत नाही. ‘कनेक्ट’ दाबावं लागतं आणि समोरच्याने ते स्वीकारावं लागतं. दोन्ही गोष्टी एकमेकांसमोरच उरकून घ्या. लिंक्डइनचा फायदा लांब पल्ल्याचा आहे. माणसाने नोकरी बदलली की ऑफिसचा ईमेल बंद होतो, प्रोफाइल त्याच्यासोबत जातं.

*एनएफसी कार्ड*, म्हणजे फोनला टेकवायचं ते. आत १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी चिप असते. ती जेमतेम तीन-चार सेंटिमीटरांवरून वाचली जाते, म्हणून नेमकं टेकवावं लागतं. आयफोनला वरच्या कडेजवळ, बऱ्याच अँड्रॉइड फोनांना पाठीच्या मध्याजवळ. जाड किंवा धातूचं कव्हर असेल तर लागत नाही. काही अँड्रॉइडवर एनएफसी बंदच ठेवलेलं असतं. २०१८ पासूनचे आयफोन पडदा चालू असला की आपोआप वाचतात, त्याआधीचे वाचत नाहीत. आणि चिपमध्ये जागा कमी. नेहमीच्या एका प्रकारात १४४ बाइट, त्यामुळे बहुधा लिंकच भरलेली असते, म्हणजे पुन्हा इंटरनेट आलं. दिसायला रुबाबदार आहे, हे मान्य. एकमेव साधन म्हणून घेऊ नका. घेतलंत तर चिप लिहून झाल्यावर ‘लॉक’ करा, नाहीतर कुणीही साध्या अ‍ॅपने त्यात स्वतःची लिंक भरू शकतो.

*नेमड्रॉप.* दोघांकडे आयफोन असतील आणि आयओएस १७ किंवा पुढचं असेल तर फोनांच्या वरच्या कडा जवळ आणल्या की झालं. ‘शेअर’ दाबायचं की फक्त ‘रिसीव्ह ओन्ली’ हे तिथे विचारलं जातं, कुठला नंबर जावा हेही निवडता येतं. दोघांनीही ‘शेअर’ दाबायचं.

आणि *मिस्ड कॉल*. हसू नका. नंबर विचारा, लावा, त्यांच्या हातात फोन वाजला की कट करा. इंटरनेट नको, अ‍ॅप नको, कॅमेरा नको. दोघांकडे एकमेकांचा नंबर पोचला आणि तो बरोबर आहे याची खात्रीही त्याच क्षणी झाली. इतर कुठल्याही साधनात ही खात्री अंगभूत नाही. फक्त परदेशी सिमवर रोमिंगचा भुर्दंड पडू शकतो, तिथे व्हॉट्सअ‍ॅप बरं.

यातली दोन साधनं निवडा, सगळी नकोत. माझी शिफारस: माहिती आत भरलेला क्यूआर कोड आणि लिंक्डइन.

तिसरी पायरी: कोड हाताशी ठेवा

गॅलरीत चार हजार फोटोंमध्ये कोड शोधत बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर ताटकळलेला दुसरा, हे दृश्य प्रत्येक परिषदेत दिसतं. कोडचा फोटो ‘फेव्हरिट्स’मध्ये टाका किंवा होम स्क्रीनवर विजेट म्हणून ठेवा. त्या दिवसापुरता लॉक स्क्रीनचा वॉलपेपर केलात तर फोन उघडावाही लागत नाही, फक्त वरचं घड्याळ कोडवर येणार नाही असा तो खाली सरकवा आणि घरी आल्यावर बदला. ब्राइटनेस वाढवून धरायचा. स्क्रीनगार्डला तडे गेले असतील तर आदल्या दिवशी बदलून घ्या.

छापील कार्डं पूर्ण सोडू नका. फोनची बॅटरी दुपारनंतर मान टाकते, काही ज्येष्ठ मंडळींना हातात काहीतरी दिलेलं आवडतं. दहा-पंधरा कार्डं खिशात असू द्या, त्यांच्या मागे तोच कोड.

व्यासपीठावरून बोलणार असाल तर स्लाइडवरच्या कोडचा आकार मोजून ठरवा. ढोबळ हिशेब असा की कोडच्या रुंदीच्या दहापट अंतरापर्यंत तो वाचला जातो. हातातल्या फोनवर अडीच सेंटिमीटरचा कोड २५ सेंटिमीटरवरून चालतो. शेवटची रांग १५ मीटर लांब असेल तर पडद्यावरचा कोड दीड मीटर रुंद हवा. स्लाइडच्या कोपऱ्यात चिकटवलेला इवलासा कोड फक्त पहिल्या रांगेसाठी असतो, आणि पहिल्या रांगेत बहुधा आयोजक बसलेले असतात. स्लाइड निदान अर्धा मिनिट तरी ठेवा. लोकांना फोन काढायला वेळ लागतो.

चौथी पायरी: प्रत्यक्ष समोरासमोर

आधी बोला. फोन नंतर. भेटल्या भेटल्या कोड पुढे करणाऱ्याकडे लोक पत्रकं वाटणाऱ्यासारखं बघतात. बोलण्यात काहीतरी निघू द्या, एखादा प्रश्न, एखादी मदत, एखादं नाव, आणि त्याच्याच आधाराने विचारा.

‘तुम्ही त्या पुरवठादाराचं म्हणालात ना, मला त्यांचा पत्ता लागेल. तुमच्याशी संपर्क कसा ठेवू?’

‘कसा ठेवू’ हे महत्त्वाचं. त्यामुळे साधन समोरचा निवडतो. तो ‘व्हॉट्सअ‍ॅप करा’ म्हणाला तर व्हॉट्सअ‍ॅप, ‘लिंक्डइनवर या’ म्हणाला तर तिकडे. वयाने, अधिकाराने मोठ्या व्यक्तीचा थेट मोबाइल नंबर मागण्यापेक्षा ‘सर, तुम्हाला मेल केला तर चालेल का?’ असं विचारणं बरं. बऱ्याचदा तेच मग नंबरही देतात.

आता घेण्याचा भाग. त्यांनी तुमचा कोड स्कॅन केला की लगेच म्हणा, ‘मला एक मेसेज टाकाल का, म्हणजे तुमचाही नंबर येईल.’ किंवा उलट, तुम्ही त्यांचा नंबर घेतलात तर तिथेच उभं राहून दोन ओळी पाठवा:

‘नमस्कार, मी शीतगृहाचं डिझाइन करणारी. आत्ता चहाच्या टेबलापाशी बोललो. त्या पुरवठादाराचं नाव पाठवाल ना?’

हा मेसेज त्यांच्या फोनवर आलेला डोळ्यांनी बघा. या एका मेसेजमध्ये तुमचा नंबर पोचला, त्यांचा बरोबर निघाला आणि तुम्ही कोण होतात, कशाबद्दल बोललात याची दोघांकडेही लेखी नोंद झाली. पुढे तीन महिन्यांनी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शीतगृह’ शोधलं तरी तुम्ही सापडाल. कुठल्याही महागड्या डिजिटल कार्डाने हे होत नाही.

कुणी छापील कार्ड दिलं तर त्यांच्यासमोरच त्याचा फोटो काढा. गूगल लेन्स किंवा आयफोनचं लाइव्ह टेक्स्ट फोटोतला नंबर उचलतं. नंबर एकदा वाचून दाखवा, ‘शेवटी चोवीस ना?’ म्हणून. मशीन ३ आणि ८ मध्ये गल्लत करतं आणि कार्डावरचा नंबर बदललेलाही असू शकतो. बऱ्याच जणांनी जुन्या कार्डांवर पेनाने नवा नंबर लिहिलेला असतो, ते लेन्सला धड वाचता येत नाही.

स्वतःचा उघडा फोन ‘तुम्हीच टाइप करा’ म्हणून अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका. त्यांना स्पेलिंग सांगू द्या, टाइप तुम्ही करा. नाव नीट लिहिलं जातं, आणि वर नेमका घरचा मेसेज झळकण्याची धास्तीही नको.

घोळक्यात पाच-सहा जण असतील तर प्रत्येकाशी वेगळं करत बसू नका. एकाने कोड मधे धरावा, सगळ्यांनी स्कॅन करून त्याला मेसेज टाकावा आणि त्याने संध्याकाळी, सगळ्यांना विचारून, एकमेकांचे नंबर पाठवावेत. ‘विचारून’ हा शब्द गाळायचा नाही. दुसऱ्याचा नंबर त्याच्या परवानगीशिवाय पुढे देणं किंवा न विचारता ग्रुपमध्ये ओढणं, यात ओळख वाढत नाही, तुटते.

बॅजवरच्या कोडचं काय?

आयोजकांनी गळ्यात अडकवलेल्या बॅजवरही कोड असतो. अनेकदा त्यात तुमचा नुसता नोंदणी क्रमांक असतो, साध्या कॅमेऱ्याने स्कॅन केला तर आकडे दिसतात आणि पुढे काही होत नाही. माहिती उघडते ती आयोजकांच्या अ‍ॅपमधून. प्रदर्शनातल्या स्टॉलवाल्यांकडे हे अ‍ॅप असतं. एखाद्या स्टॉलवर पेन किंवा पिशवी घेताना ‘जरा बॅज स्कॅन करू?’ असं विचारतात तेव्हा नोंदणीच्या वेळी तुम्ही भरलेला ईमेल आणि नंबर बहुधा त्या कंपनीच्या विक्रीच्या यादीत जातो. हरकत नसेल तर खुशाल करू द्या. असेल तर ‘नको, मी तुमचंच पत्रक घेतो’ म्हणायला लाजू नका. नोंदणी करतानाच कामाचा ईमेल भरलेला बरा.

आणि बॅज घातलेला सेल्फी टाकताना कोड झाकून टाका.

दुसऱ्यांचे कोड स्कॅन करताना

स्कॅन केल्यावर कॅमेरा आधी लिंक दाखवतो. ती वाचा, मग उघडा. ओळखीचं नाव नसेल, आखूड केलेली लिंक असेल तर जपून. कॉन्टॅक्ट घेण्यासाठी कुठेही पासवर्ड, ओटीपी किंवा अ‍ॅपची फाइल लागत नाही. असं काही मागितलं गेलं की पान बंद. भिंतीवर, खांबावर चिकटवलेल्या कोडवर दुसरा स्टिकर चिकटवून लोकांना फसव्या पानावर नेण्याचे प्रकार होतात, त्यामुळे पोस्टरवरच्या कोडला एकदा नखाने चाचपून बघितलंत तर ते वेडेपणाचं नाही. माणसाच्या हातातल्या फोनवरचा कोड तुलनेने सुरक्षित, कारण माणूस समोर आहे.

पाचवी पायरी: त्याच रात्री

इथे कंटाळा करू नका. सकाळी उठल्यावर दोन ‘अमित’ आणि तीन ‘प्रिया’ एकमेकांत मिसळलेले असतात.

आज घेतलेला प्रत्येक कॉन्टॅक्ट उघडा. तो गूगलच्या किंवा आयक्लाउडच्या खात्यात सेव्ह झालाय ना बघा. सिमवर झाला असेल तर तिथे जेमतेम नाव आणि नंबर राहतो, ईमेल आणि टिपणासाठी भरवसा नाही. मग ‘नोट्स’च्या रकान्यात चार गोष्टी लिहा: कुठल्या कार्यक्रमात भेटलो, तारीख, काय बोललो, आणि कुणी कुणाला काय द्यायचं कबूल केलं. असं काहीतरी: ‘पॅकेजिंग परिषद, १२ मार्च. मुलगी यंदा दहावीला. पुरवठादाराचं नाव देणार. मी त्यांना उष्णता मोजण्याचा तक्ता पाठवायचा.’ शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण पुढचा संपर्क त्याच्यावरच उभा राहतो.

नावापुढे संस्था किंवा काम जोडा, आणि गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये त्या कार्यक्रमाचं एक ‘लेबल’ करून सगळ्यांना त्यात टाका. आयफोनवर ‘लिस्ट’ करता येते. पुढच्या वर्षी त्याच परिषदेला जाताना ही यादी उघडली की कुणाकुणाला आधीच मेसेज टाकायचा ते समोर असतं.

एक-दोन दिवसांत प्रत्येकाला वेगळा मेसेज पाठवा. ‘आपल्याला भेटून आनंद झाला’ एवढंच लिहिलेला मेसेज वाचून लोक अंगठा दाखवतात आणि विसरतात. कबूल केलेली गोष्ट सोबत जोडा:

‘सर, परवा म्हणालो होतो तो तक्ता जोडतोय. तिसरा रकाना तुमच्या कामाचा आहे. पुरवठादाराचं नाव सवडीने पाठवा.’

लिंक्डइनवर विनंती पाठवताना टीप जोडायची सोय असते, मोफत खात्यावर तिला मर्यादा आहे. म्हणून ती ज्यांच्याशी प्रत्यक्ष जोडणं राहून गेलं त्यांच्यासाठी राखून ठेवा. सगळ्या नव्या ईमेलांना एकगठ्ठा माहितीपत्रक पाठवायचा मोह होईल. त्यांनी ईमेल तुमच्याशी बोलायला दिला होता, तुमच्या यादीत नाव घालायला नाही.

उत्तर आलं नाही तर दोनेक आठवड्यांनी एकदा आठवण करा, तीही काही नवीन सांगायचं असेल तर. त्यानंतर थांबा. कॉन्टॅक्ट मात्र पुसू नका. टिपणासकट राहू द्या, पुढच्या कार्यक्रमात तीच व्यक्ती समोर आली तर ‘तुमच्या मुलीची दहावी झाली ना?’ एवढं विचारता येईल.